निळ्यावर केळीचा चीक

सर, मागच्या सोमवारी तुमच्या मुलीचा, ताईंचा फोन आला. मी इथं कच्छमध्ये सोलरच्या साइटवर आहे. प्लेटांच्या खाली उताणा पडून बोल्ट आवळत होतो, अनोळखी नंबर म्हणून दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तर बाईमाणसाचा आवाज, तुमच्यासारखाच थांबून थांबून बोलणारा. "तू चोपड्याकडचा ना? बाबांबरोबर निळ्या प्रिंटा करायचास तो?" तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, सर, आणि त्या नऊ वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. इथं मला कोणी महाराष्ट्र म्हणून हाक मारतं, कोणी लंबू. मी हो म्हटलं आणि प्लेटखालून बाहेर आलोच नाही, तिथंच पडून बोललो. ताई म्हणाल्या, जळगावच्या घरी माळ्यावरची तुमची ट्रंक उघडली, सगळ्या प्रिंटा जशाच्या तशा आहेत, एकीलाही वाळवी नाही. तिथल्या एका कॉलेजला त्या भिंतीवर लावायच्या आहेत. प्रत्येकीखाली पट्टी लावायची, पट्टीवर नाव. "बाबांचं नाव तर मी लिहीन," म्हणाल्या, "पण तुझं विचारायचंय. बाबांनी सांगून ठेवलं होतं, त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव लिहू नको. मला एवढंच सांग, हे वरचं तपकिरी काम कोणाचं?" मी म्हटलं, ताई, रेंज जातेय, आणि फोन बंद केला. रेंज पूर्ण होती. इथं चारी बाजूंना सपाट आहे, रेंजला जायला जागाच नाही.

तेव्हापासून तुमच्याशी बोलतोय मनात. आज रविवार, रूमवरचे बाकीचे बाजारात गेलेत, म्हणून साइटच्या रजिस्टरची कोरी पानं फाडून बसलो. मला एवढं लिहायची सवय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी आठवीत शाळा सोडली आणि तुम्ही बदली होऊन आमच्या गावच्या शाळेत आलात ते त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे तुम्ही माझे सर कधी नव्हतातच. सगळं गाव सर म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो.

मी तेव्हा केळी कापायच्या टोळीत होतो. घड खांद्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत, गाडीपासून परत बागेत. एका दुपारी घरी निघालो तर तुम्ही तुमच्या खोलीच्या पायरीवर उकिडवे बसलेले, पुढ्यात पिवळसर कागद, त्याच्यावर केळीच्या कोवळ्या पानाचा तुकडा ठेवताय आणि वरून काच दाबताय. मला काही समजलं नाही, पण एक दिसलं ते बोललो. "सर, ते पान आत्तेच कापेल शे. चीक गळी राह्यना." तुम्ही वर न बघता म्हणालात, गळू दे, पाण्यात धुतला की जाईल. मी म्हटलं, "नही जात सर. मना शर्ट दखा." मग तुम्ही वर बघितलंत. माझ्या शर्टाकडे बघितलंत, खांद्यापासून खालपर्यंत, सावकाश, जसं लोक देवळातल्या भिंतीवरचं चित्र बघतात. केळीवाल्याच्या अंगावर तपकिरी डाग असतातच, आमच्याकडे कोणी त्यांच्याकडे बघत नाही. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. दुसऱ्या दिवशी रंग धरतो आणि मग मरेपर्यंत जात नाही. मला त्या बघण्याची लाज वाटली आणि मी निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला शोधत पारावर आलात, हातात तो कागद. सगळा कागद गडद निळा, मध्ये पानाचा पांढरा आकार, आणि त्या पांढऱ्यात चार-पाच तपकिरी थेंब. मला वाटलं आता बोलणी खाणार. तुम्ही म्हणालात, "हे मुद्दाम करता येईल का रे?" मी म्हटलं, "कसाले? डागच शे तो." तुम्ही म्हणालात, "ये उद्या. बघू."

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं, सर. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, दिव्याला पिवळा कागद गुंडाळलेला, कारण कागदाला केमिकल लावताना उजेड लागता कामा नये. ओट्यावर एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला दोन बरण्या, एकीत हिरवट पावडर, एकीत लाल. दोन्हीचं पाणी एकत्र केलं की उसाच्या रसासारखा रंग होतो, तो तुम्ही रुंद ब्रशने कागदावर ओढताय, आडवा, मग उभा, श्वास रोखून. तुम्ही त्याला सायनोटाइप म्हणायचात, मी नुसतं निळं म्हणायचो. पराती दोन, एक प्रिंटा धुवायची, एक पिठाची, धुवायच्या परातीच्या काठाला तुम्ही लाल ऑइलपेंट लावून ठेवलेला. तुम्ही कळण्याच्या भाकरी थापायला बसलात की मी विचारायचो, "सर, आज परात कोणती, पोटाची की प्रदर्शनाची?" एकदा खरंच चुकलं आणि ते सगळं पीठ तुम्ही उकिरड्यात खोल पुरलंत. त्या दिवशी आपण नुसत्या शेंगा खाल्ल्या आणि तुम्ही मलाच रागावलात, जसं काही पीठ मी मळलं होतं.

भांडणं तर रोजची. पान ठेवलेला कागद काचेखाली उन्हात टाकला की तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायचात, सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. मी म्हणायचो, सर, घड्याळाला काय कळतं, मध्ये ढग आला होता. कागदाकडे बघा, राखेसारखा झाला की उचला. "राख म्हणजे कोणती? चुलीची की विडीची?" "चुलीची. विडी तुम्ही कुठं ओढता." "तुला काय माहीत मी काय ओढतो." आणि तेवढ्या बोलण्यात वेळ व्हायची. कधी तुमचं बरोबर निघायचं, कधी माझं. पाण्यात टाकल्यावर पिवळं निथळून जायचं, खालून निळं यायचं, आणि आपण दोघं परातीवर वाकलेले, तुमचं डोकं माझ्या डोक्याला लागायचं. मे महिन्यात तर तीन मिनिटांत काम व्हायचं, अंगाला चटके बसायचे, आणि तुम्ही खूश, म्हणायचात खानदेशाच्या उन्हाचा असा उपयोग आजवर कोणी केला नाही.

निळं तुमचं. त्याच्यावरचं माझं. बाभळीच्या काट्याने, कधी चिरलेल्या बांबूच्या काडीने मी चीक घ्यायचो आणि त्या पांढऱ्या जागेत काढायचो. पळसाचं पान असेल तर त्याच्या शिरा, पण पानाला असतात तशा नाही, उन्हाळ्यात तापीच्या वाळूत पाणी फाटत फाटत जातं तशा. कपाशीचं असेल तर आतून खाणारी अळी. चीक कागदावर दिसत नाही, सर, हे तुम्हाला शेवटपर्यंत सहन झालं नाही. काढताना नुसता ओला कागद दिसतो आणि सुकला की तोही दिसत नाही. आंधळ्यासारखं काढायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. "आलं का रे काही?" "उद्या सर." "पण आता कुठं काढतोयस ते तुला कसं कळतं?" "हाताला आठवतं." तुम्ही शाळेत जायच्या आधी गोणपाट बाजूला करून बघून यायचात आणि पारावर टोळीची वाट बघत उभ्या असलेल्या मला सांगायचात, अळी आली, छान आली, पण शेपटी दोनदा काढलीस. दीड वर्ष आपण असं केलं. माझ्या हातांनी दुसरं काही केलं असेल तर ते पोटासाठी. मला त्या दीड वर्षाची इतकी आठवण येते की कधी कधी मी इथं कुठल्याही झाडाखाली बसतो आणि पानाची सावली कागदावर कशी पडेल तेवढंच बघतो.

मग धुळं. तुम्हा चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन होतं आणि तुम्ही आपल्या बारा प्रिंटा घेऊन गेलात, मलाही घेऊन गेलात. प्रत्येकीखाली तुम्ही बोरूने पट्टी लिहिलेली, दोन नावं, दोन्ही एकाच मापाची, माझं पहिलं. मी म्हटलं, "सर, मनं नाव मागे घाला," तर तुम्ही म्हणालात, "वर्णाक्षरांनी तुझंच आधी येतं, मी काय करू?" माझ्याकडे त्यातल्या त्यात बरा एक शर्ट होता, तो मी साबणाने दोनदा धुतला होता. सुकल्यावर बाहीवरचा डाग आणखी गडद झाला. हॉलमध्ये पंखे फिरतायत, लोक इस्त्रीच्या कपड्यांत, आणि तुमच्या ओळखीचे एक शिक्षक पान चघळत मला विचारतायत, "काय हो, तुम्ही कोणत्या आर्ट स्कूलचे?" दोघं-तिघं हसले. वाईट नव्हतं ते हसणं, आता कळतं. तेव्हा मी डाव्या हाताने उजवी बाही धरून ठेवली ती सोडलीच नाही.

तेवढ्यात ते म्हातारे चित्रकार आले, ज्यांच्या पाया सगळे पडत होते. पळसाच्या प्रिंटसमोर थांबले. चष्मा कपाळावर घेऊन नाक लावून बघितलं. मी शेजारी उभा होतो म्हणून मलाच विचारलं, "निळं कळलं. हे तपकिरी कशानं केलंय? कोणी केलंय?" चीक म्हणायचं होतं. एवढंच. केळीचा चीक, मी केलंय. मला वाटलं हे आता विचारतील, कुठं शिकलास, आणि मग सगळे माझ्या बाहीकडे बघतील. मी म्हटलं, "मला काय माहीत. सगळं सरांनी केलंय. मी फक्त पानं आणतो." त्यांनी बरं म्हटलं, चष्मा खाली घेतला आणि पुढे गेले. मी वळलो तर तुम्ही मागेच उभे, दोन हातांत दोन चहाचे कप. तुम्ही एक मला दिलात. मी तो प्यायलो, सर. गोड होता, पूर्ण प्यायलो.

परतीच्या एसटीत प्रिंटांचं बाड तुमच्या मांडीवर. अमळनेर सुटल्यावर म्हणालात, "पानं मलाही तोडता येतात." बाडाची दोरी सोडून परत बांधलीत. "तीस वर्षं एकटाच काढत आलो मी. काढायचं, भिंतीला लावायचं, कोणी तरी छान म्हणायचं. तुझ्याशी भांडायला लागलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काही तरी चाललंय. आज त्या माणसापुढे तू मला परत एकटं केलंस." माझ्या तोंडात माफ करा होतं. बाहेर आलं ते दुसरंच. मी म्हटलं, "तुमचं काय जातं सर. तुम्हाला कोणी हसत नाही." तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. तापीचा पूल आला, गेला.

मी खोलीवर यायचं बंद केलं. आठ-दहा दिवसांनी तुम्ही बागेत येता. सायकल बांधावर आडवी टाकता, धोतऱ्याच्या काट्यांतून चालत येता, काखेत काळी प्लास्टिकची पिशवी, आत केमिकल लावलेले कागद. माझ्या खांद्यावर घड आहे. "ऊन छान आहे रे आज," तुम्ही म्हणता, जसं काही धुळं झालंच नाही. "पाच मिनिटांचं काम. इथंच करू, पान झाडावर असतानाच." टोळीतले थांबून बघायला लागतात. मुकादम म्हणतो, "ओ मास्तर, पानं पाहिजेत ना? बठ्ठा बाग लई जा." दुसरा मला ढोसतो, "भो, तुना सर उना शे. जाय, चित्र काढ." मी म्हणतो, "सर, गाडी भरायचीय." तुम्ही म्हणता, "भर. मी थांबतो." आणि तुम्ही बांधावर बसता, पिशवी मांडीवर, वरून शर्टाचं टोक घातलेलं, उजेड आत जाऊ नये म्हणून.

मी गाडी भरली. शेवटचे घड भरले आणि पलीकडच्या बाजूने गाडीवर चढलो, घडांच्या वर आडवा पडलो, आणि गाडी निघाली. वरून तुमची टोपी दिसत होती. तुम्ही बागेकडे तोंड करून बसला होतात, मी जिथून यायला हवा होतो तिकडे. किती वेळ बसलात ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन महिन्यांनी कच्छला माणसं नेणारा ठेकेदार आला, त्याच्याबरोबर निघालो. तुमच्या खोलीवरूनच टेम्पो गेला. पुढच्या वर्षी आईचा फोन, "तुना सर ग्यात रे." मी आईला सांगितलं, सुट्टी मिळत नाही. सुट्टी मागितलीच नव्हती.

एवढं सगळं मनात घेऊन काल मीच ताईंना फोन लावला. तीन दिवस घोकत होतो, म्हणून त्यांनी हॅलो म्हणायच्या आधीच बोलून टाकलं. "ताई, तपकिरी माझं. केळीचा चीक आहे तो. माझं नाव लिहा, पण सरांचं आधी." ताई हसल्या. म्हणाल्या, वर्णाक्षरांनी लावणार, बाबांनी तसंच शिकवलंय. मग विचारलं, कसं केलंस, आणि सर, मी अर्धा तास बोललो. काट्याबद्दल, वाळूबद्दल, अळीच्या दोन शेपट्यांबद्दल. माझ्याच आवाजाची मला भीती वाटायला लागली, इतकं मी कधी बोललो नव्हतो. रूमवरचे बघत होते. एकाने विचारलं, "गाँव में शादी है क्या?"

फोन ठेवायच्या आधी ताई म्हणाल्या, "एक विचारू? बाबा एकदा तुझ्या बागेत गेले होते ना, काळी पिशवी घेऊन? आजारपणात दोनदा तरी बोलले, त्या दिवशी ऊन फार छान होतं. त्याच्या पुढे काही सांगायचे नाहीत. काय केलंत रे त्या दिवशी तुम्ही?"

तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतंत. तीस दिवस म्हणे अंथरुणावर होतात, मुलगी उशाशी बसलेली, आणि तुम्ही उन्हाबद्दल बोललात, माझ्याबद्दल नाही.

मी म्हटलं, "प्रिंट केली ना ताई. एकच केली, पण मोठी. पान झाडावर असतानाच कागद खाली धरला, सरांनी घड्याळ धरलं. कोपऱ्यात एक मुंगळा आला होता चालत, तोही उमटला." कुठून आला तो मुंगळा मला माहीत नाही. ताई म्हणाल्या, "म्हणजे शेवटची ती." मी म्हटलं, "हो, शेवटची."

मागच्या महिन्यापासूनच, ताईंचा फोन यायच्या आधीपासून, मी इथं पुन्हा करून बघतोय. पावडरी मागवल्यात. निळं येतं, तुमच्याइतकं सारखं येत नाही, पण येतं. रुईचं पान चांगलं उमटतं. मुंगळा ठेवून बघितला काल, काचेखाली मेला. आणि केळी इथं मिळते ती पिकून आलेली, दांडा सुकलेला, चीक निघत नाही.

हे पत्र जळगावच्या पत्त्यावर टाकता येईल. पत्ता पाठ आहे. पण ते उघडतील ताईच, म्हणून टाकत नाही, अवजारांच्या पिशवीत ठेवतो.

आज सकाळी त्यांचा परत फोन आला होता. सगळ्या प्रिंटा फरशीवर पसरल्यात, म्हणाल्या, दोनदा मोजल्या, बागेतली ती शेवटची, केळीची, काही सापडत नाही. मी म्हटलं, ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं असतं ना ताई, ते उचलून त्याच्या खाली बघा.